चार्ली वॉट्स इतकं साधं वाजवतो, मग त्याचं एवढं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षं ड्रम्स शिकतोय, जॉन बोनम आणि नील पर्ट यांच्यासारखे जोरकस रॉक ड्रमर ऐकत आलोय, 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स ऐकला तर त्यात अवघड असं काही सापडतच नाही. ना सोलो, ना दोन बेस ड्रम (पायाने वाजवायचे मोठे ड्रम), ना वेग. मग जुने वाजवणारे त्याचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात का लावतात? आणि हा माणूस मुळात होता कसा?

शंका रास्त आहे. चार्लीचे बहुतेक ठेके कागदावर उतरवून दिले तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते वाजवील. वाजवील, पण ते तसे लागणार नाहीत. माझ्याकडे येणारी मुलं अवघडातले अवघड रोल, म्हणजे भराभर ठोक्यांचे तुकडे, महिन्याभरात बसवतात आणि स्टोन्सच्या 'हाँकी टाँक विमेन'चा ठेका मात्र गाणं संपेपर्यंत त्यांना धरवत नाही. एक तर ती पळतात, नाही तर कंटाळून मध्येच काहीतरी भरतात. म्हणून आधी हाताचं बोलतो, आयुष्याकडे नंतर वळू.

रॉकचा रोजचा ठेका तुम्हाला पाठ असेल. चार मात्रांचं आवर्तन, उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, आठ ठोके देतो, डावा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा समोरचा ड्रम, मारतो. म्हणजे त्या दोन मात्रांना दोन्ही हात एकदम पडतात. चार्ली तसं करत नाही. स्नेअरची मात्रा आली की त्याचा उजवा हात वर उचललेला असतो. आठाऐवजी सहाच ठोके. त्याच्या मधल्या आणि उतारवयातल्या कुठल्याही मैफलीचं चित्रण बघा, हात स्पष्ट दिसतो. याने दोन गोष्टी होतात. स्नेअरच्या आवाजावर झांजेची कुरकुर बसत नाही, तो एकटा, मोकळा येतो. आणि दर दोन मात्रांनी उजव्या हाताला नव्याने सुरुवात करावी लागते, त्यामुळे ठेक्याला किंचित ओढ बसते. ही ओढ नोटेशनमध्ये दिसत नाही. डाव्या हातात काठी धरायची त्याची पद्धतही जॅझवाल्यांची, तळहात वर करून धरण्याची. रॉकमध्ये आलेल्या बहुतेकांनी दोन्ही काठ्या सारख्या धरायला सुरुवात केली, याने शेवटपर्यंत बदललं नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एरवी बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये गाडी कीथ रिचर्ड्सची गिटार ओढते आणि चार्ली तिच्यामागे जातो. त्यांचा बासवादक बिल वायमन यानेच हे समजावून सांगितलं आहे: कीथ वाजवतो, चार्ली क्षणाच्या अगदी बारीक अंशाने मागून येतो, आणि वायमन स्वतः थोडा आधी पडतो. तिघांच्या मात्रा एका रेषेत येत नाहीत, पण विस्कटतही नाहीत. स्टोन्सच्या गाण्यात जे डुलणं आहे ते या फटीतून येतं. मोठ्या ख्यालाला साथ करणारा जाणता तबलजी गवय्याच्या श्वासाकडे कान ठेवून ठेका धरतो, हात शिवशिवत असले तरी जागा भरत नाही, तशातला हा प्रकार. फरक एवढाच की इथे गवय्याच्या जागी गिटार आहे, आणि ती सरळ चालीने चालेल याची अजिबात खात्री नाही.

हे कान चार्लीला रॉकने दिले नाहीत, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचं आयुष्य समजत नाही. जन्म लंडनचा, २ जून १९४१. वडील रेल्वे कंपनीच्या मालमोटारीवर चालक. युद्धात लंडनची घरं पडली होती, त्यामुळे वेम्बली भागात सरकारने उभारलेल्या तयार सांगाड्याच्या घरांपैकी एकात हे कुटुंब राहायचं. शेजारच्या घरात डेव्ह ग्रीन नावाचा मुलगा. दोघांना जॅझच्या तबकड्यांचं वेड. हाच डेव्ह पुढे इंग्लंडमधला नावाजलेला जॅझ बासवादक झाला आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही चार्लीच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. शाळकरी वयात चार्लीने बँजो आणला. तो काही जमेना. शिवाय जॅझ सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या एका तबकडीवर चिको हॅमिल्टनने तारांच्या ब्रशने वाजवलेले ड्रम्स त्याच्या कानावर पडले होते. मग पठ्ठ्याने बँजोचा दांडा काढून टाकला, उरलेला गोल चामड्याचा भाग स्नेअरसारखा ठेवला आणि त्यावर ब्रश फिरवायला लागला. चौदा-पंधराव्या वर्षी आई-वडिलांनी खरा ड्रमसेट घेऊन दिला. शिक्षक नव्हताच. तबकडी लावायची आणि सोबत वाजवायचं.

पोटापाण्यासाठी त्याने हॅरोच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं आणि लंडनमध्ये जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी धरली. याच काळात त्याने जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर एक छोटंसं सचित्र पुस्तक केलं, त्यात 'बर्ड' या टोपणनावाचा पार्कर म्हणजे एक पक्षी. ते छापलं गेलं १९६४मध्ये, तो प्रसिद्ध झाल्यावर. चित्रकला सुटली नाही कधी. स्टोन्सच्या १९६७च्या एका अल्बमच्या मागच्या बाजूची चित्रपट्टी त्याची आहे, पुढे दौऱ्यांची रंगमंच-रचना ठरवण्यात तो स्टोन्सचा गायक मिक जॅगरसोबत बसायचा. १ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर अख्खा बँड एका उघड्या ट्रकवर चढून 'ब्राउन शुगर' वाजवत आला आणि दौरा जाहीर झाला, ती कल्पना त्याचीच. जुने जॅझवाले असेच गाडीवरून वाजवत जाहिरात करायचे, हे त्याला माहीत होतं.

तर १९६२. अॅलेक्सिस कॉर्नर नावाचा गृहस्थ लंडनमध्ये 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड' चालवत होता आणि त्याने चार्लीला बोलावलं. चार्लीने नंतर गमतीत सांगितलंय की 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, म्हणजे चार्ली पार्करचंच संगीत, फक्त हळू लयीत. या बँडमधली त्याची जागा पुढे जिंजर बेकरने घेतली. बेकर आपल्याहून चांगला वाजवतो हे चार्ली उघडपणे म्हणायचा, आणि तांत्रिक अंगाने ते खरंही होतं. बेकर पुढे 'क्रीम'मध्ये गेला, सोलोंसाठी गाजला, आणि आयुष्यभर बहुतेक सगळ्या रॉक ड्रमरांना शिव्या घालत राहिला. चार्लीला मात्र त्याने त्यातून वगळलं होतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे, कारण बेकरच्या तोंडून दुसऱ्या ड्रमरबद्दल बरा शब्द निघणं सोपं नव्हतं.

तेव्हा नव्या असलेल्या स्टोन्सच्या जॅगर, रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स यांना चार्ली हवाच होता, पण तो परवडत नव्हता. त्याला पगाराची नोकरी होती आणि ठरलेले पैसे मिळाल्याशिवाय तो यायचा नाही. कीथने आत्मचरित्रात लिहिलंय की त्याला आणण्यासाठी पोटाला चिमटा काढला. जानेवारी १९६३मध्ये तो आला. त्या हिवाळ्यात एडिथ ग्रोव्हमधल्या त्यांच्या घाणेरड्या खोल्यांत बसून ब्रायन आणि कीथने त्याला अमेरिकन ब्लूज गायक जिमी रीडच्या तबकड्या ऐकवल्या. जिमी रीडचा ड्रमर अर्ल फिलिप्स. तुम्ही हे नाव ऐकलं नसणार, ड्रम्सच्या कुठल्या स्पर्धेत कोणी घेतही नाही. पण त्याचं वादन ऐका: जवळजवळ काहीच नाही, आणि तरी गाणं झोपाळ्यासारखं चालतं. जॅझमधल्या मोठमोठ्यांवर वाढलेल्या पोराने हे ऐकून नाक मुरडलं नाही, त्यातलं कसब ओळखलं. माझ्या मते चार्लीची खरी तालीम त्या खोल्यांत झाली.

पुढची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती पटकन उरकतो. १९६५मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओत 'सॅटिस्फॅक्शन' झालं. त्यात स्नेअर चारही मात्रांवर पडतो, दुसऱ्या-चौथ्यावर थांबत नाही, हे कान देऊन तपासा. १९६८च्या 'स्ट्रीट फायटिंग मॅन'ला त्याने मोठा सेट वापरलाच नाही. १९३०च्या दशकातला, पेटीत मावणारा सरावाचा चिमुकला सेट त्याच्याकडे होता. तो आणि कीथची साधी लाकडी गिटार, दोन्ही कीथच्या फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरवर मुद्दाम आवाज फाटेपर्यंत चढवून घेतली आणि तीच टेप स्टुडिओत पायाला ठेवून वर बाकीची वाद्यं रचली. आपल्याकडे महागडा स्नेअर घेतल्याशिवाय रेकॉर्डिंगला जायचं नाही असं मानणाऱ्या मंडळींना मी हे गाणं ऐकवतो. १९७८च्या 'मिस यू'त बेस ड्रम चारही मात्रांवर सरळ चालतो, डिस्कोचा. जॅझवाला असून त्याला डिस्कोचा विटाळ नव्हता, क्लबांत जाऊन तो ऐकायचा.

'हाँकी टाँक विमेन' ऐकताना दोन गोष्टी बघा. सुरुवातीची काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) निर्माता जिमी मिलरने वाजवली आहे आणि चार्ली तिच्यावर येतो तेव्हा दोघांचं जमलेलं नाही. चार्ली स्वतःच म्हणायचा की एक तर मिलर चुकीचा आला किंवा मी, आणि तबकडीवर आहे तशी सुरुवात नंतर आम्ही मंचावर कधी वाजवली नाही. दुसरं, गाण्यात लय चढत जाते. शेवटचा भाग सुरुवातीशेजारी ठेवून ऐकलात तर फरक चांगलाच कळतो. आज संगणकावर हे सगळं ओढून-ताणून क्लिकला, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या टिकटिकीला, चिकटवलं असतं आणि गाण्याचा जीव गेला असता. लय चढणं हा दोष आहे असं आपण शिकवतो, मीही शिकवतो. पण सगळे मिळून एकत्र चढले तर ऐकणाऱ्याला ते उत्साहासारखं लागतं. एकटा ड्रमर चढला तर मात्र पळाला म्हणायचं.

आता माणूस. १९६४मध्ये त्याने शर्ली शेफर्डशी लग्न केलं आणि ते त्याच्या मरणापर्यंत, म्हणजे ५७ वर्षांच्या आसपास, टिकलं. रॉकच्या जगात हा विक्रमच म्हणायचा. एक मुलगी, सेराफिना. शर्लीने डेव्हनमध्ये अरबी घोड्यांची पैदास केली, मोठं नाव कमावलं. चार्लीला गाडी चालवता येत नव्हती, तरी जुन्या सुंदर मोटारी त्याने घेऊन ठेवल्या होत्या, नुसत्या बसायला. कपडे लंडनच्या उंची शिंप्यांच्या गल्लीत, सॅव्हिल रोवर, शिवलेले. १९६७पासून दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचं रेखाचित्र काढायचा नेम. बँडमधले बाकीचे रात्रभर जे करायचे ते करोत, हा खोलीत बसून पलंग काढतोय. स्टोन्समधली पंचवीस वर्षं म्हणजे पाच वर्षं काम आणि वीस वर्षं नुसतं ताटकळणं, असं तो म्हणायचा. कुठल्याही ऱ्हिदमवाल्याला विचारा, साउंड चेकपासून कार्यक्रमापर्यंतच्या रिकाम्या तासांबद्दल तो हेच सांगेल.

म्हणजे साधुपुरुष होता का? तसं चित्र रंगवायची आजकाल पद्धत पडलीय, ते खरं नाही. साठ-सत्तरच्या दशकांतून जवळपास कोरडा बाहेर आलेला हा माणूस चाळिशी उलटल्यावर, १९८३च्या सुमारास, दारू आणि हेरॉइनच्या आहारी गेला. वय झालेल्या, बायको-मुलगी असलेल्या, पैशाअडक्याची चिंता नसलेल्या माणसाचं असं होऊ शकतं, हे तरुण वादकांनी ऐकून ठेवलेलं बरं. तो तळघरात दारूची बाटली आणायला जाताना पायऱ्यांवरून पडला, घोटा मोडला, आणि पुढे लंडनच्या नामांकित रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये त्याचा जॅझचा कार्यक्रम ठरलेला होता. स्टोन्सच्या एखाद्या दौऱ्याचं त्याला एवढं वाटलं नसतं. रॉनी स्कॉट्सला वाजवता येणार नाही या भीतीने त्याने सगळं सोडलं.

जॅगरला ठोसा मारल्याचा किस्सा याच काळातला, १९८४, अॅमस्टरडॅम. कीथच्या सांगण्यानुसार पहाटे जॅगरने चार्लीच्या खोलीत फोन करून 'माझा ड्रमर कुठे आहे?' असं विचारलं. चार्लीने दाढी केली, सूट-टाय चढवला, खाली आला आणि एक ठेवून दिली, परत मला तुझा ड्रमर म्हणायचं नाही असं बजावून. किस्सा झकास आहे, म्हणून प्रत्येक जण तो सांगतो. चार्लीला स्वतःला त्याचा अभिमान नव्हता. दारूच्या दिवसांतली गोष्ट म्हणून तो ती बाजूला सारायचा. मला यात ठोशापेक्षा दाढी करण्यातली शिस्त महत्त्वाची वाटते.

स्टोन्समधून मिळालेला पैसा त्याने जॅझवर उधळला, असं म्हटलं तरी चालेल. १९८०च्या दशकाच्या मध्याला त्याने तीसहून अधिक वादकांचा ताफा उभा केला, त्यात आपल्याखेरीज आणखी ड्रमर ठेवले, आणि फुलहॅम टाउन हॉलमध्ये त्याची लाइव्ह तबकडी केली. १९९१मध्ये पाच जणांचा संच घेऊन पार्करला मानवंदना दिली, जोडीला ते जुनं पक्ष्याचं पुस्तकही परत काढलं. २००९मध्ये बूगी-वूगीचा चौघांचा संच झाला: अॅक्सेल, बेन, चार्ली आणि डेव्ह. नावांची आद्याक्षरं जुळली म्हणून तेच संचाचं नाव. डेव्ह म्हणजे तोच, शेजारच्या घरातला. छोट्या क्लबमध्ये, शंभर-दोनशे लोकांपुढे, ब्रश घेऊन वाजवणारा चार्ली बघितला की कळतं, स्टेडियममध्ये तो काय राखून ठेवत होता.

स्टेडियमवरून आठवलं, आपल्याकडेही तो वाजवून गेला आहे. एप्रिल २००३मध्ये स्टोन्स बंगळुरूला आणि मग ७ तारखेला मुंबईत ब्रेबोर्नवर आले. मी त्या गर्दीत होतो. एवढ्या अवाढव्य मंचावर मधोमध चार ड्रम्सचा सेट: एक बेस ड्रम, एक स्नेअर, दोन टॉम. १९५७ सालच्या बनावटीचा ग्रेच सेट तो वर्षानुवर्षं वापरायचा. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा सेटअप त्याहून मोठा असतो. आणि रोल मारतानाही खांदे हलत नव्हते, सगळं मनगटातून.

पुढच्याच वर्षी त्याला घशाचा कर्करोग निघाला. रेडिओथेरपी झाली, तो बरा झाला आणि २००५च्या दौऱ्यावर हजर होता. स्टोन्ससोबतचा शेवटचा कार्यक्रम ३० ऑगस्ट २०१९चा, मायामीत. टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, चौघांनी आपापल्या घरून 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' वाजवलं, तेव्हा चार्लीजवळ ड्रमसेट नव्हता. सामानाच्या पेट्यांवर आणि खुर्चीच्या हातावर काठ्या चालवत, मिश्किल चेहऱ्याने त्याने वेळ निभावून नेली. गंमत अशी की या गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम्स त्याचे नाहीतच. मिलरला हवा होता तो ठेका त्याला लागेना, म्हणून मिलरच सेटवर बसला. चार्लीने ते कधी लपवलं नाही, उलट मंचावर आयुष्यभर मिलरचाच ठेका सांभाळला. म्हणून यादी करताना हे गाणं त्याच्या खात्यात धरू नका. 'हॅपी'चंही तेच, आणि 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल'वर केनी जोन्स आहे.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी लंडनमध्ये तो गेला, ८० वर्षांचा होऊन. दौरा ठरलेला होता, तब्येतीमुळे तो येणार नाही हे थोड्याच दिवसांपूर्वी जाहीर झालं होतं, आणि जागा स्टीव्ह जॉर्डनने घेतली. माझ्याशिवाय कोणासोबत वाजवायचं झालं तर हा माणूस घे, असं चार्लीनेच कीथला कितीतरी वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

आता तुम्ही काय करायचं ते. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिकणारं यंत्र) लावा, पण क्लिक पहिल्या मात्रेवर धरू नका, दुसरी आणि चौथी समजा. हाय-हॅटवरचा हात त्या मात्रांना उचला. पहिले काही दिवस पाय गडबडेल, त्याकडे लक्ष देऊ नका. मग क्लिक बंद करा आणि एखाद्या गिटारवाल्या मित्राला एकच धून लांबलचक वाजवायला बसवा, त्याच्या हाताकडे बघत ठेका धरा, रोल एकही नाही. गिटारवाला ओढेल तसं जा. पाच मिनिटांनी हात शिवशिवायला लागतील, तिथून पुढे खरा सराव.

आणि २०२३चा 'हॅकनी डायमंड्स' अल्बम मिळवा. त्यात बहुतेक गाण्यांवर जॉर्डन आहे, पण 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वॉर्ड' या दोनांवर चार्लीने जाण्याआधी वाजवून ठेवलेले ड्रम्स आहेत, दुसऱ्यावर तर बासला बिल वायमनही परत आलाय. जॉर्डन हा उत्तमच ड्रमर, चार्लीचं वादन आतून ओळखणारा. गाण्यांचा क्रम मोडून, नावं न बघता अल्बम लावा आणि ती दोन गाणी नुसत्या स्नेअरवरून ओळखता येतात का ते कळवा.